आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कृतिसंशोधन : नेमकं काय मोजायचं आणि कसं?

पारिजात_बडोदा

नमस्कार मंडळी. फिटर ट्रेड, पहिलं वर्ष, २० जणांची बॅच. सीआयटीएस (आयटीआय शिक्षकांचं प्रशिक्षण) झालेलं आहे, त्यामुळे पाठाचं टाचण, प्रात्यक्षिकाच्या पायऱ्या, गुणदान या गोष्टी नव्या नाहीत. प्रश्न त्यापुढचा आहे. फायलिंगच्या (कानस मारण्याच्या) जॉबमध्ये, म्हणजे सरावाच्या धातूच्या तुकड्यात, दरवर्षी तेच दोष येतात: पृष्ठभाग सपाट होत नाही, काटकोन जुळत नाही. शिकवण्यात काहीतरी बदल करायचा आहे, पण तो बदल उपयोगी पडला की नाही हे अंदाजाने न ठरवता कृतिसंशोधन करून, म्हणजे आपल्याच वर्गात बदल करून त्याचा परिणाम नीट तपासून, ठरवायचं आहे. "फिटर प्रशिक्षणार्थींच्या फायलिंग कौशल्यात सुधारणा" असा विषय डोक्यात आहे. सुरुवात कुठून करावी? बडोद्यातले आणि बाहेरचेही जाणकार असतील तर सविस्तर लिहा.

गुण्या

विषय चांगला आहे, पण फार रुंद धरलात. "कौशल्यात सुधारणा" मोजता येत नाही. एका कडेवरचा एक दोष मोजता येतो. तुमच्यापुरता प्रश्न असा करा: "५० मिमी लांबीच्या कडेला कानस मारताना जे पोट (मधला फुगवटा) येतं, ते दर दहा हातांनंतर (कानसेच्या फटक्यांनंतर) मुलाने स्वतः तपासलं तर कमी होतं का?" यात दोष एक, बदल एक आणि मोजमाप एक.

आता पोट का येतं ते बघू, कारण कारण कळल्याशिवाय बदल ठरवता येत नाही. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त लागतो आणि मुठीकडचा कमी. मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी मुठीकडचा जास्त. नवा मुलगा दोन्ही हातांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच दाब देतो. मग कानस जॉबवर झुलते, अलीकडचं आणि पलीकडचं टोक जास्त कापलं जातं आणि मधला भाग उंच राहतो. तोंडाने कितीही वेळा "दाब बदल" म्हणा, मुलाला तो कळत नाही, कारण त्याला परिणाम दिसत नाही. परिणाम दिसतो थेट शेवटी, तुम्ही गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून जॉब उजेडाकडे धरता तेव्हा. तोवर दोनशे चुकीचे हात मारून झालेले असतात आणि तोच हात बसलेला असतो.

म्हणून बदल असा सुचवतो. कड मार्कर पेनने पूर्ण रंगवायची. सारखे दहा हात मारायचे आणि थांबायचं. कानस जिथे लागली तिथला रंग गेला, बाकी तसाच. दोन्ही टोकं चमकली आणि मध्ये शाई शिल्लक राहिली तर हात झुलतोय, हे मुलगा स्वतः बघतो. पुन्हा रंगवायचं, पुन्हा दहा हात. एका तासिकेत अशा पंधरा-वीस फेऱ्या सहज होतात. खर्च एका मार्करचा. एक लक्षात ठेवा: हे निदान पहिल्या काही फेऱ्यांतच नीट होतं. कडेला आधीच पोट आलेलं असेल तर सरळ चाललेल्या कानसेनेही मधलीच शाई जाईल. म्हणून सुरुवात मशिनवर सपाट केलेल्या तुकड्यावर करा.

आणि हे सगळं करण्याआधी व्हाइसची (जॉब घट्ट धरणाऱ्या पकडीची) उंची बघा. जबड्याचा वरचा भाग मुलाच्या कोपराच्या पातळीला यायला हवा. बुटक्या मुलाच्या पायाखाली फळी द्या. उंची चुकलेली असेल तर तुम्ही शिकवण्याची पद्धत मोजताय असं वाटेल, पण मोजाल टेबलाची उंची.

ठिणगी

गुण्या सरांच्या लिहिण्यात एक भर. संशोधन म्हटलं की लोक गुणपत्रक उघडतात. तसं करू नका. अभ्यासक्रमातल्या मूल्यमापनात ६० ते ७५, ७५ ते ९० आणि ९० च्या वर असे टप्पे आहेत, त्यात सुरक्षितता, कामाच्या सवयी, अचूकता, फिनिश सगळं एकत्र येतं. ७० गुण मिळालेल्या दोन मुलांपैकी एकाचा काटकोन चुकलेला असतो, दुसऱ्याचं फिनिश. शिवाय प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६०% लागतात, त्यामुळे गुण देताना ती रेघ मनात असतेच. कच्चं मोजमाप वेगळ्या वहीत लिहा: मिलिमीटरमध्ये, गुणांत नाही.

पारिजात_बडोदा

गुण्या सर, ठिणगी, मनापासून आभार. मोजमापासाठी व्हर्नियरने पाच ठिकाणी जाडी घ्यावी असा विचार होता (लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी). चालेल का?

मापदंड

नाही चालणार, आणि इथेच बरेच अहवाल फसतात. व्हर्नियरने घेतलेली पाच मापं दोन बाजूंमधलं अंतर सांगतात. वरची बाजू फुगलेली आणि खालची तेवढीच आत गेलेली असेल, तर पाचही मापं सारखी येतील आणि जॉब वाकडाच राहील. शिवाय कानस मारलेल्या दोन बाजूंपैकी दोष कुणात आहे तेही कळत नाही. सपाटपणा हवा असेल तर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातींचा संच) वापरा.

पद्धत सांगतो. आधी कडेचा बर (कापताना राहिलेली धातूची बारीक धार) काढा. बारीकसा बर राहिला तरी स्ट्रेट एज त्यावर बसते आणि सगळं माप खोटं येतं. मग जॉब पुसून स्ट्रेट एज लांबीला आणि दोन्ही कर्णांवर, अशा तीन जागी ठेवा. पोट असेल तर स्ट्रेट एज मधल्या उंचीवर डुलेल, तेव्हा ती एका टोकाला टेकवून दुसऱ्या टोकाची फट मोजा आणि दर वेळी तसंच करा. ०.०५ ची पात जाते का? ०.१० ची? ०.१५ ची? जी सर्वांत जाड पात जोर न लावता जाते, ती नोंद. तीन जागांपैकी सर्वांत मोठा आकडा हा त्या जॉबचा दोष. काटकोनासाठी गुण्याचा जाड दांडा संदर्भ बाजूला घट्ट टेकवून पात वरून खाली आणा. पात आधी टेकवली तर दांडा सुटतो आणि माप उलटं येतं.

कर्णांचं माप रुंद बाजूवरच अर्थपूर्ण आहे. १० मिमी रुंदीच्या कडेवर कर्ण आणि लांबी जवळपास एकच, तिथे मधोमध आणि दोन्ही काठांशी अशी लांबीलाच तीन मापं घ्या.

आणखी एक गोष्ट कराच. संशोधन सुरू करण्याआधी दहा जुने जॉब घ्या, खालच्या बाजूला नंबर पंचाने आकडे मारा, आणि तुम्ही व दुसऱ्या एका निदेशकाने (आयटीआयमधल्या शिक्षकाने) एकमेकांचे आकडे न बघता सगळे मोजा. दहापैकी आठ-नऊ जॉबमध्ये दोघांचा फरक एका पातीच्या आत असेल तर मोजमाप विश्वासाचं. नसेल तर आधी मोजायची पद्धत सुधारा. हे न करता पुढे गेलात तर नंतर दिसणारी "सुधारणा" ही मुलांची की मोजणाऱ्याच्या हाताची, हे कुणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या मापकाला कुठला जॉब बदलाच्या आधीचा आणि कुठला नंतरचा हेही कळता कामा नये. म्हणून नंबर सलग देऊ नका, मिसळून द्या.

रेखाटन

मापदंड, फार उपयोगी प्रतिसाद. एक शंका: मुलं सरावाने तशीही सुधारतातच. मग मार्करमुळे सुधारली असं कसं म्हणायचं?

गुण्या

रास्त शंका आहे. उपाय म्हणजे बॅचचे दोन गट आणि बदल टप्प्याने. १० जणांना पहिल्या आठवड्यात मार्करची पद्धत, उरलेले नेहमीसारखे. दोघांचंही मोजमाप. दुसऱ्या आठवड्यात उरलेल्या १० जणांनाही तीच पद्धत. असं केलं की कुणी वंचित राहत नाही, आणि तरी पहिल्या आठवड्याच्या शेवटी तुलना मिळते. निम्म्या बॅचला वर्षभर चांगली पद्धत नाकारून "नियंत्रित गट" करणं आपल्या कामात बसत नाही. ती मुलं परीक्षेला बसणार आहेत.

गट पाडताना हजेरीपटावर पहिले दहा आणि नंतरचे दहा असं करू नका. आधीच्या जॉबच्या मापानुसार सगळ्यांना क्रमाने लावा, जोड्या करा आणि प्रत्येक जोडीतला एक इकडे, एक तिकडे, चिठ्ठी टाकून.

बाकी गोष्टी सारख्या राहतील हे डोळ्यात तेल घालून बघा. फ्लॅट (पट्टीचा तुकडा) एकाच लांब पट्टीतून कापलेला हवा. काळी कातडी (पोलादावरचा काळा थर) असलेला माल आला तर ती आधी जुन्या कानसेने काढून घ्या, ती कडक असते आणि नव्या कानसेचे दात मारते. कानसांना नंबर द्या आणि नवी-जुनी दोन्ही गटांत सारखी वाटा. ३०० मिमीची फ्लॅट बास्टर्ड (चपटी, जाडसर दातांची कानस) सगळ्यांना. दातांत चुरा अडकला की ओरखडे पडतात, म्हणून फाइल कार्ड (कानस साफ करायचा तारेचा ब्रश) प्रत्येक बेंचवर ठेवा. एका गटाचं प्रात्यक्षिक सकाळी आणि दुसऱ्याचं जेवणानंतर असं असेल तर तेही अहवालात लिहा.

शॉपफ्लोअर

मकरपुरा जीआयडीसीच्या (बडोद्यातल्या औद्योगिक वसाहतीच्या) बाजूने लिहितो. वर जे चाललंय ते उत्तम आहे, पण निदेशकाची क्षमता फक्त वर्गात वाढत नाही. कारखान्यात काय नाकारलं जातं ते माहीत असलं पाहिजे. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणून चाळीस मुलं रांगेने मशिनच्या बाजूने फिरवणं म्हणजे वेळ दवडणं. त्याऐवजी निदेशकाने एकट्याने यावं आणि एका पार्टचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरावा: ड्रॉइंग, प्रोसेस शीट, पहिल्या नगाची तपासणी, मधली तपासणी, शेवटची तपासणी, पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: नवीन अप्रेंटिसचं काम इथे परत का येतं?

उत्तरं बहुतेक साधी असतात. बर काढलेला नसतो. शून्य न बघता व्हर्नियर वापरलेला असतो. ड्रॉइंगची जुनी आवृत्ती बेंचवर राहिलेली असते. ड्रॉइंगवरचं लंबतेचं किंवा समतलतेचं चिन्ह वाचता येत नाही, फक्त आकडे वाचले जातात. रिजेक्शन टॅगवरची कारणं (कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव सोडून) उतरवून घ्यायची परवानगी मागा, क्वालिटीवाले बहुतेक देतात. दहा-पंधरा टॅगांतून तुमच्या पुढच्या वर्षाचे दोन-तीन संशोधन-प्रश्न आपोआप निघतील.

आणि एक विनंती. वर्कशॉपमधली मोजमापाची साधनं तपासून घ्या. स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) असेल तर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर दर महिन्याला दोन-तीन मापांवर पडताळून वहीत लिहा. जबडे झिजलेल्या व्हर्नियरवर शिकलेला मुलगा आमच्याकडे येऊन स्वतःच्याच मापावर विश्वास ठेवतो, तो मोडायला महिने जातात.

ठिणगी

वेल्डर ट्रेडसाठी कुणी वाचत असेल तर त्याच सांगाड्यात एक उदाहरण. दोष: टी-जॉइंटच्या उभ्या प्लेटवर अंडरकट (वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडलेली खाच). कारणं चार असू शकतात: करंट जास्त, आर्क लांब, इलेक्ट्रोडचा कोन उभ्या प्लेटकडे झुकलेला, किंवा हात घाईने चाललेला. चारही एकदम सुधारायला गेलात तर जॉब सुधारेल, पण कशाने ते कळणार नाही.

३.१५ मिमी ६०१३ इलेक्ट्रोड (वेल्डिंगची कांडी), १० मिमी प्लेट धरा. करंट मशिनच्या डायलवर वाचू नका, टाँग टेस्टरने (केबलला चिमटा लावून करंट मोजणारं साधन) केबलवर मोजा. जुन्या ट्रान्सफॉर्मर सेटवर डायल आणि खरा करंट यांत बराच फरक असतो, आणि शेजारच्या बूथमध्ये आर्क लागला की आणखी बदलतो. तो ११० अँपिअरच्या आसपास स्थिर ठेवा. इलेक्ट्रोड एकाच पाकिटातले आणि कोरडे हवेत. मग हाताची गती मोजायची सोपी युक्ती: एक इलेक्ट्रोड ५० मिमी थोटूक राहीपर्यंत जाळला तर किती लांबीचं बीड (वेल्डची पट्टी) पडतं ते पट्टीने मोजा. तीच लांबी गतीचा पुरावा. बीड लांब आणि बारीक पडलं तर हात घाईत आहे, आखूड आणि ढिगारा झाला तर रेंगाळतोय. इथे बदल म्हणजे प्लेटवर खडूने मारलेल्या खुणा: इलेक्ट्रोड निम्मा जळताना हात कुठे असला पाहिजे, पूर्ण जळताना कुठे. निकाल म्हणजे अंडरकटची एकूण लांबी मिलिमीटरमध्ये, आणि फिलेट गेजने (कोपऱ्यातल्या वेल्डचं माप घ्यायच्या साधनाने) वेल्डच्या पायाची (प्लेटवर टेकलेल्या बाजूची) लांबी तीन जागी. शेवटी दर पाच जॉबमागे एक तोडून बघा. वरून देखणं बीड आणि आत मुळाशी स्लॅग (वितळलेल्या फ्लक्सचा मळ), असं पुष्कळदा निघतं, आणि नुसत्या नजरेच्या तपासणीवर लिहिलेला अहवाल तिथे कोसळतो.

पारिजात_बडोदा

हे सगळं पटतंय. अडचण वेळेची. २० मुलं, एक निदेशक, त्यात कुणाची कानस बोटाला लागतेय, कुणाला ब्लेड हवंय. निरीक्षणं लिहायची कधी?

मांडवीकर

सगळ्यांना रोज बघायचं नाही. रोज चार मुलं, प्रत्येकाला तीन मिनिटं. पाच दिवसांत बॅच पूर्ण. कोणती चार ते सकाळीच ठरवून वहीत लिहा, नाहीतर नजर आपोआप फार चांगल्या आणि फार कच्च्या मुलांकडेच जाते आणि मधली बारा जण वर्षभर दिसतच नाहीत.

तीन मिनिटांत काय बघायचं तेही आधी ठरलेलं हवं: पाय कुठे आहेत, कानस पूर्ण लांबीने चालतेय की फक्त मधला भाग, परत येताना दाब सुटतो का, किती हातांनंतर तो स्वतः थांबून तपासतो. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. यासाठी चार रकान्यांचा तक्ता पुरतो. वाक्यं संध्याकाळी लिहा, दोन-तीनच, पण त्याच दिवशी. शनिवारी आठवून लिहिलेली डायरी म्हणजे आपल्या मताची नक्कल असते.

मोबाइलवर हातांचा २० सेकंदांचा व्हिडिओ काढा, बाजूने, व्हाइसच्या उंचीवरून. कानस झुलते ते डोळ्यापेक्षा संथ केलेल्या व्हिडिओत लख्ख दिसतं. चेहरा चौकटीत घेऊ नका, मुलांना विचारून काढा, आणि तो मुलालाच दाखवा. आपला हात बघून जे कळतं ते आपल्या दहा सूचनांनी कळत नाही.

रेखाटन

थोडा पाया सांगतो, अहवालाच्या प्रस्तावनेत उपयोगी पडेल. कृतिसंशोधन हा विचार कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडला: योजना, कृती, निरीक्षण आणि त्यावरून पुन्हा योजना. आपल्याकडे प्रात्यक्षिक शिकवण्याच्या ज्या चार पायऱ्या सांगतात (तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी) त्या चार्ल्स अ‍ॅलन यांनी १९१९ मध्ये औद्योगिक प्रशिक्षणासाठी मांडलेल्या आहेत. या धाग्यातली बहुतेक चर्चा तिसऱ्या पायरीची आहे, आणि ते बरोबरच आहे. सादरीकरणावर आपण तास घालवतो. उपयोजनात मुलगा एकटा पडतो.

बडोद्यात राहून आणखी एक गोष्ट आठवावीशी वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू केली, त्रिभुवनदास गज्जर तिचे पहिले प्राचार्य, आणि तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं हा त्यांचा आग्रह होता. तो मुद्दा आजही वर्कशॉपमध्ये जिवंत आहे. मुलं गुजराती, काही हिंदी, काही घरी मराठी बोलणारी. समजावणं त्यांच्या भाषेत करा, पण सूचना छोटी आणि दर वेळी तीच ठेवा. "पुढे हलका, मागे जड" ही एका दिवशी, "मूठ दाब" दुसऱ्या दिवशी, असं केलं तर मुलाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. संशोधनाच्या दृष्टीनेही सूचना बदलली म्हणजे दुसरा बदल आला.

मापदंड

अहवालाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. २० मुलांवर टक्केवारी काढू नका. "४०% सुधारणा" यापेक्षा "२० पैकी १३ जणांची फट ०.१० च्या आत आली, आधी ५ जणांची होती" असं लिहा (आकडे केवळ उदाहरणादाखल). आणि नुसती सरासरी देऊ नका. सरासरी सुधारते पण तीन मुलं जिथल्या तिथे असतात, आणि निदेशकाला खरं काम त्या तिघांवरच करायचं असतं. प्रत्येक मुलाचा आधीचा आणि नंतरचा आकडा एका ओळीत, नावाऐवजी नंबर टाकून. ज्यांची हजेरी मधेच तुटली त्यांना गुपचूप गाळू नका, वेगळं दाखवा.

मार्करने फरक पडला नाही असं निघालं तरी अहवाल लिहा. शेजारच्या आयटीआयमधल्या निदेशकाचा एक महिना वाचतो.

पारिजात_बडोदा

सर्वांचं वाचून आराखडा केला आहे, तपासून द्या. आधी जुन्या दहा जॉबवर दोघांचं मोजमाप. मग ५०×५० मिमी, १० मिमी जाड फ्लॅटवर सगळ्यांची पहिली कड, मार्करशिवाय. त्यावरून जोड्या आणि दोन गट. पहिला आठवडा अर्ध्यांना मार्कर, दुसऱ्यात सगळ्यांना. दोन्ही आठवड्यांच्या शेवटी नवी कड आणि मोजमाप, दुसरा मापक शेजारच्या टर्नर ट्रेडचे सर. रोज चार मुलांचं निरीक्षण.

गुण्या

आराखडा पक्का आहे. दोन भर घाला. शेवटच्या मोजमापानंतर दोन आठवडे फायलिंग बंद ठेवून हॅकसॉ आणि ड्रिलिंगचे जॉब घ्या, मग अचानक एक कड मार्करशिवाय करायला द्या. मार्कर असेपर्यंत हात सरळ आणि काढल्यावर पुन्हा पोट, असं झालं तर मुलं शाई बघायला शिकली, दाब बदलायला नाही. त्यावर उपाय म्हणजे मार्कर एकदम बंद न करता दहा हातांऐवजी वीस, मग चाळीस हातांनी रंगवायला लावा.

दुसरं, टर्नरच्या सरांना फीलर गेजची जी पात जोर न लावता जाते तीच धरायची, हे एका जॉबवर प्रत्यक्ष दाखवा. "जोर" प्रत्येकाचा वेगळा असतो.

पारिजात_बडोदा

दोन्ही घेतले. हॅकसॉ आणि ड्रिलिंग तसंही त्याच काळात येतंय, त्यामुळे वेळापत्रक हलवावं लागणार नाही. कच्च्या मोजमापाचा तक्ता पहिल्या आठवड्यानंतर इथेच टाकते.